पुस्तकांची बॅग घरीच राहिली

मागच्या वर्षी सहलीला निघताना आमच्या पाच बॅगा झाल्या होत्या. चौघांच्या चार आणि पाचवी पुस्तकांची. काट्यावर ती एकटी अकरा किलो भरली. तीन विषयांची पुस्तकं, वह्या, रंगीत पेनांचा डबा आणि मी आखलेलं वेळापत्रक. ते भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं. सहा दिवस, रोज तीन तास, एकूण अठरा तास अभ्यास. माझं काम लेखापरीक्षणाचं. कागदावर बेरीज जुळली की मला शांत झोप लागते.

थोरलीची सहामाही परीक्षा परतल्यावर आठच दिवसांनी होती. सहल आधीच ठरली होती, पैसे भरून झाले होते आणि शाळेनं परीक्षेचं वेळापत्रक नंतर लावलं. रद्द करायचं तर धाकट्याचं तोंड बघवेना. म्हणून हा मधला मार्ग काढला: फिरायचंही आणि अभ्यासही करायचा.

पहिले तीन तास गाडीतच भरून काढायचं ठरलं होतं. अर्ध्या तासात तिसऱ्या वळणावर गाडी थांबवावी लागली. चालत्या गाडीत वाचताना डोळे सांगतात की समोरचं पान स्थिर आहे आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय. मेंदूला या दोन साक्षी जुळवता येत नाहीत आणि पोट ढवळतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. वेळापत्रकात त्यासाठी रकाना नव्हता, इतकंच.

मुक्कामी पोचल्यावर तर आणखी मजा. खोली तळ्याकाठी, खिडकी तळ्याकडे. संध्याकाळी चार ते सात ती टेबलाशी आणि आम्ही तिघं खाली पाण्यात. धाकटा आरडाओरडा करतोय, नवरा त्याला हळू बोल म्हणतोय, आणि ते 'हळू बोल'सुद्धा वरपर्यंत ऐकू जातंय. पाच वाजता मी वर डोकावले तेव्हा रसायनशास्त्राचं पुस्तक पान एकशे बारावर होतं. साडेसहाला गेले तेव्हाही एकशे बारावरच. तिनं पेन्सिलीनं त्या पानावरच्या सगळ्या 'ठ' आणि 'ढ'ची पोटं भरून काढली होती. मी काही बोलले नाही. तीही नाही. रात्री मात्र दोघी कडाडून भांडलो, कशावरून ते आता आठवतही नाही. टॉवेलवरून असावं.

परतताना बॅग अकरा किलोच होती.

त्या सहा दिवसांत अभ्यास झाला नाही याचं मला फार वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की सुट्टीही झाली नाही. ती पाण्यात उतरली की तिला टेबल दिसायचं आणि टेबलाशी बसली की पाणी. आणि मी रखवालदार. ज्या सहा दिवसांसाठी मी वर्षभर रजा साठवल्या, ते घड्याळ बघण्यात गेले.

यंदा तिची मोठी परीक्षा. मी दोन महिने आधीच जाहीर करून टाकलं की या वर्षी कुठंही जायचं नाही. धाकटा रडला. नवरा म्हणाला, "बघू." थोरली मात्र शांतपणे म्हणाली, "आई, तू माझ्या नावावर सगळ्यांची सुट्टी कापू नकोस. नंतर सगळे मलाच ऐकवणार." सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडून असा हिशेब ऐकला की लेखापरीक्षकाची मान खाली जाते. तिचं बरोबर होतं. घरातल्या एकाची परीक्षा असते तेव्हा बाकीच्यांनी केलेल्या त्यागाचं बिल शेवटी त्याच एकाच्या नावे फाटतं.

मग आम्ही दोघी कॅलेंडर घेऊन बसलो. या वेळी पेन तिच्या हातात.

तिनं आधी परीक्षेचा पहिला दिवस लाल केला आणि मागं मोजत आली. शेवटची सराव परीक्षा एक्केचाळीस दिवस आधी संपत होती. शेवटच्या तीन आठवड्यांवर तिनं सरळ फुली मारली, "इथं मला कुणी हात लावायचा नाही." सराव परीक्षेनंतरचे दोन-तीन दिवस पेपरातल्या चुका बघायला हवे होते. उरली एक फट: परीक्षेच्या अडतीस दिवस आधी निघायचं, तेहेतीस दिवस आधी परत. पाच रात्री. मी म्हटलं, "आणि पुस्तकं?" ती म्हणाली, "नाही."

माझ्या पोटात गोळा आला. पाच दिवस काहीच नाही? सगळं विसरली तर? त्या रात्री मी स्मरणशक्तीवर जे हाताला लागेल ते वाचत बसले.

विसरण्याचा हिशेब पहिल्यांदा मांडला तो हर्मान एबिंगहाऊस या जर्मन माणसानं, १८८५ साली. प्रयोगाला माणसंही त्यानं दुसरी घेतली नाहीत, स्वतःच निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करत बसायचा आणि ठरावीक वेळानं तीच यादी पुन्हा पाठ करायला किती वेळ वाचतो ते मोजायचा. (त्याच्या घरी सुट्टीचं कोण ठरवत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.) एका दिवसानंतर त्याचा जेमतेम एक तृतीयांश वेळ वाचत होता. हे वाचून मी जवळजवळ बॅग भरायला उठले. पण पुढचा आकडा महत्त्वाचा होता: महिन्यानंतरही एक पंचमांश वेळ वाचतच होता. म्हणजे घसरण आहे ती पहिल्या काही तासांत, पहिल्या दिवशी. त्यानंतर उतार मंदावतो. पाच दिवस गेल्यानं जे जायचं, त्यातलं बरंचसं पहिल्याच दिवशी गेलेलं असतं, मग माणूस घरी असो की तळ्यात.

आणखी एक गोष्ट सापडली, ती माझ्या जास्त कामाची. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३५० हून जास्त लोकांना काही माहिती शिकवली, मध्ये वेगवेगळ्या लांबीची विश्रांती ठेवून एकदा उजळणी करून घेतली आणि नंतर परीक्षा घेतली. उजळणीआधी किती थांबलं तर सगळ्यात चांगलं आठवतं, हा प्रश्न होता. परीक्षा आठवड्यावर असेल तर त्या काळाच्या साधारण २० ते ४० टक्के थांबणं बरं ठरलं. परीक्षा वर्षावर असेल तर ५ ते १० टक्के. आमचे तेहेतीस दिवस या दोन टोकांच्या मधले. कॅल्क्युलेटर काढला. शेवटचा अभ्यास आणि परतल्यावरची उजळणी यांत सहा दिवसांचं अंतर पडत होतं, म्हणजे तेहेतिसाचे अठरा टक्के. मला खिंडार वाटत होतं ते चक्क उजळणीआधी सोडायच्या जागेत बसत होतं.

इथं एक मेख आहे आणि ती मी नवऱ्यालाही सांगितली, कारण तो लगेच "बघ, मी म्हणालो होतो" म्हणायला लागला. ही जागा एकदा नीट शिकून झालेल्या भागालाच लागू. जे कधी समजलंच नाही ते सहा दिवस न बघितल्यानं मुरत वगैरे नाही. म्हणून निघण्याआधी थोरलीनं धड्यांचे दोन गठ्ठे केले: झालेले आणि न झालेले. न झालेल्यांत पाच धडे निघाले. तिला वाटत होते दोन. ते पाच तिनं परतल्यानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत टाकले आणि जाण्याआधीच्या तीन दिवसांत फक्त झालेल्यांवर हात फिरवला.

सासूबाईंचा फोन आलाच. "परीक्षा तोंडावर आलीय आणि तुम्ही हिंडायला निघालात?" मी एबिंगहाऊस सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, "पाचच रात्री, आई." त्यांनी एवढा लांब उसासा टाकला की पाच रात्री त्यातच गेल्या असत्या.

सहलीबद्दल खरं तर सांगण्यासारखं फार नाही. तेच तळं, तीच खोली. खोली नोंदवताना या वेळी तारीख बदलता येईल अशीच घेतली, कारण शाळेचं वेळापत्रक सरकलं तर पुन्हा तोच तमाशा नको होता. बाकी थोरली झोपली. पहिल्या दिवशी दहाला उठली, दुसऱ्या दिवशी साडेदहाला. नवऱ्याला तिला सूर्योदय दाखवायचा होता. या वयात झोपेचं घड्याळच पुढं सरकलेलं असतं आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, हे मी त्याला समजावलं. सराव परीक्षेच्या दिवसांत तिची सहा तासही होत नव्हती. सूर्योदय तिच्याशिवाय झाला.

एकदाच, तिसऱ्या संध्याकाळी, ती धाकट्याला नावेत काहीतरी समजावताना दिसली. वल्हं पाण्यात तिरकं गेलेलं दिसतं, ते मोडल्यासारखं का दिसतं ते. तो ऐकत नव्हता, त्याला वल्हं हवं होतं. मी लांबूनच बघितलं आणि हुशारीनं तोंड बंद ठेवलं. "बघ, अभ्यास झाला की" एवढं म्हटलं असतं तर पुढचे दोन दिवस ती प्रकाशाबद्दल चकार शब्द बोलली नसती.

कस लागला तो परतल्यावर. त्या दिवशी दुपारी बॅगा दारातच पडलेल्या असताना ती एक कोरा कागद घेऊन बसली. हे तिचं तिनंच ठरवलं होतं. पुस्तक मिटलेलं, निळ्या पेनानं विद्युतधारेबद्दल जे आठवेल ते सगळं. वीस मिनिटं. मग पुस्तक उघडून जे राहिलं ते हिरव्या पेनानं. पहिला कागद बघून मला धडकी भरली. वरचा तिसरा हिस्सा निळा आणि खाली हिरवळच हिरवळ. एक सूत्र तर निळ्यात उलटं लिहिलेलं, त्यावर हिरवी काट आणि बाजूला बारीक अक्षरात 'मूर्ख'. पण चौथ्या दिवशी त्याच धड्याचा कागद पुन्हा लिहिला तेव्हा हिरव्या फक्त चार ओळी होत्या आणि ते सूत्र निळ्यात, सरळ.

असं न बघता लिहून काढणं नुसत्या वाचण्यापेक्षा जास्त टिकतं, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं होतं. विद्यार्थ्यांनी उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. मला यातली पाच मिनिटांचीच गोष्ट जास्त पटली. आम्ही पालक असेच फसतो. पोर पुस्तकासमोर बसलंय, पान उलटतंय, विचारलं तर लगेच सांगतंय, की आम्ही खूश.

मागच्या वर्षी मी तळ्याकाठी नेमकं तेच मागत होते: पुस्तकासमोर बसलेली दिसू दे.

सगळं जमलं असं नाही. परतल्यावर एक दिवस रिकामा ठेवायला हवा होता, तो ठेवला नाही. धाकट्याला सर्दी झाली, दोन दिवसांत ती थोरलीला लागली आणि न झालेल्या पाच धड्यांपैकी एकाचे तीन दिवस गेले. परतताना वाहतुकीत अडकलो ते वेगळंच. पुन्हा असं काही ठरवायचं असेल तर मी पाच दिवसांच्या सहलीसाठी कॅलेंडरवर आठ दिवस खोडेन.

आज परीक्षेला नऊ दिवस आहेत. कागदांचा गठ्ठा वितीएवढा झालाय. निकालाचं मला काही माहीत नाही आणि या लेखाचा निकालाशी संबंधही नाही. काल रात्री मी परीक्षेनंतरच्या मोठ्या सहलीचा विषय काढला, बक्षीस म्हणून. आठ दिवस, लांब कुठंतरी. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "परीक्षेनंतर मला कुठंही न्यायचं नाही. मला घरी झोपायचंय. आणि मग मैत्रिणींबरोबर राहायचंय." मी या सहलीचे तीन पर्याय काढून ठेवले होते, तक्त्यासकट.

धाकट्यानं मात्र तो तक्ता बघितला असावा. सकाळी कॅलेंडरवर शेवटच्या पेपरच्या दुसऱ्याच दिवसाभोवती वेड्यावाकड्या अक्षरात 'तळं' असं लिहून गोल केलेला होता. संध्याकाळपर्यंत कुणीतरी तो गोल हिरव्या पेनानं खोडून सात दिवस पुढं नेला होता. मधल्या चौकोनांत लिहिलं होतं, 'झोप', 'झोप', 'झोप'.