तुम्ही विचारलंत म्हणून: ऐन मे महिन्यात नदीवर कशाला?

दर वर्षी एप्रिल संपत आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर माझा मेसेज पडतो, रविवारी सकाळी सहाला निघायचंय, पोरांना टोप्या द्या. आणि दर वर्षी कुणीतरी विचारतंच, अहो काकू एवढ्या उन्हात कशाला, जुलैत जाऊया की, किती हिरवंगार असतं तेव्हा! यंदा दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी जिन्यातच गाठलं, घरात कूलर असताना लेकरांना भाजायला कुठं नेताय म्हणून. तेव्हा हातात दळणाचा डबा होता, काहीतरी पुटपुटले आणि सटकले. आता निवांत आहे तर सांगते.

आम्ही साताऱ्याचे. म्हणजे कृष्णा आमच्या हाताशीच. महाबळेश्वरला उगम, मग धोम, मेणवली, वाई, लिंब, आणि इथं माहुलीला तिला वेण्णा येऊन मिळते, सगळं गाडीने फार तर तास-दीड तासाच्या टप्प्यात. मी काही गाईड नाही की इतिहासाची प्राध्यापक नाही, बँकेतनं रिटायर झालेली बाई आहे, पण गेली आठनऊ वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत दहाबारा पोरं घेऊन या काठानं हिंडते, आणि पावसाळ्यातही एकदोनदा हौसेनं जाऊन बघितलंय. पावसाळ्यात काय दिसतं सांगू का? पाणी. चहाच्या रंगाचं, काठोकाठ, आणि वरून छत्री उलटी होतेय. घाटाच्या निम्म्या पायऱ्या पाण्याखाली, उरलेल्यांवर शेवाळ, पोरं घेऊन तिथं उभं राहायची माझी तरी छाती नाही.

आणि गंमत अशी की या नदीकाठी जे काही बांधलंय ना, ते पुराचा विचार करून बांधलंय. पण तो विचार बघायचा तर पूर नसतानाच जायला लागतं.

वाईचा ढोल्या गणपती घ्या. 1762 साली गणपतराव रास्त्यांनी बांधलं ते देऊळ, सगळे पुढून आत जातात, एवढी मोठी मूर्ती बघून पोरं आ वासतात, फोटो काढतात, झालं. मी पोरांना आधी मागं नेते. मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, म्हणजे पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर फुटून दोन्ही अंगांनी निघून जावा आणि देवळाला धक्का बसू नये. हे तोंडी सांगून पोरांना कळत नाही हो. मे महिन्यात खाली पात्रात उतरता येतं, पाणी कुठनं येत असेल त्या बाजूला उभं राहून भिंतीकडे बघितलं की पाचवीतलं पोरगंसुद्धा म्हणतं, अरे हे तर होडीसारखं आहे! बरोबर. होडीच आहे, फक्त होडी जागेवर आणि पाणी पळतंय.

वाईला घाटही सात. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. ही नावं मी पोरांकडून पाठ करून घेते आणि पुढच्या वर्षीपर्यंत ती विसरतात, चालायचंच.

मेणवली तिथनं तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि मागं नदीवरचा घाट, सिनेमावाले तिथं कायम येऊन गेलेत त्यामुळे पोरांच्या आयांना जास्त इंटरेस्ट. माझा जीव मात्र घाटावरच्या घंटेत. चिमाजी अप्पांनी 1739 ला वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली ही एक, तिच्यावर 1707 हे साल आहे आणि बाळाला घेतलेल्या मेरीचं चित्र आहे. पोर्तुगीजांची घंटा, कृष्णेच्या काठी, देवळात. एका पोरीनं विचारलं होतं, काकू, मग त्या चर्चमधे आता काय वाजवत असतील? मी गप्प बसले, असल्या प्रश्नावर काय बोलणार.

धोमला नरसिंहाचं नि महादेवाचं देऊळ आहे, तिथला महादेवापुढचा नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसलाय आणि ते कासव कमळाच्या आकाराच्या कुंडात. कुंडात पाणी भरलं की कासव नंदीला घेऊन तरंगतंय असं वाटतं म्हणे, पण कुंड कोरडं असलं की कासवाचे पाय बघता येतात, म्हणजे कारागिरानं जिथं कुणी बघणार नाही तिथंही कसं काम केलंय ते. मला ते जास्त आवडतं.

बरं, आता निसर्गाचं. उन्हाळ्यात काय असतं, सगळं वाळलेलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सकाळी साडेसहाला पात्रात येऊन बसावं. पाणी उतरलं की मातीच्या उभ्या दरडी उघड्या पडतात आणि त्यात वेडे राघू नि खंड्या बिळं करून अंडी घालतात. टिटवी तर सरळ गोट्यांमधे अंडी घालते, रंग इतका गोट्यांसारखा की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत, म्हणून तिनं ओरडायला सुरुवात केली की आमची वरात जागच्या जागी थांबते आणि आल्या पावली मागं फिरते. हा नियम कडक आहे. आमचे आजोबा म्हणायचे टिटवीनं पात्रात खाली अंडी घातली तर पाऊस उशिरा, वर काठाला घातली तर लवकर. खरं-खोटं मी काही बघायला गेले नाही, पण पोरं दर वर्षी वहीत लिहितात. शिवाय काटेसावरीची बोंडं फुटून कापूस उडत असतो, बहावा पिवळाधमक, करंजाला कोवळी पालवी, काठाला वाळुंजाची सावली. आणि करवंदं. करवंदं जुलैत मिळतात का सांगा.

उन्हाचं म्हणाल तर दहाच्या आत आम्ही लिंबला पोचलेलो असतो. बारा मोटांची विहीर, मोट म्हणजे बैलांनी ओढून पाणी उपसायची चामड्याची पिशवी. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळातली, राजघराण्यातल्या वीरूबाईंनी बांधून घेतलेली, शिलालेखात शके 1641 ते 1646 आहे म्हणजे 1719 ते 1724. शंभरेक फूट खोल, अष्टकोनी, नावाप्रमाणे बारा मोटा एका वेळी चालाव्यात एवढी, आणि हे सगळं आमराईला पाणी द्यायला! पायऱ्या उतरून आत गेलं की मधे चक्क छोटासा महाल आहे, खांबांवर हत्ती, वाघ, शरभ म्हणजे तो सिंहासारखा काल्पनिक प्राणी. बाहेर एकोणचाळीस डिग्री असले तरी आत अंगावर काटा येईल असा गारवा, पोरं तिथंच डबे सोडतात (म्हणजे वरच्या बाजूला, आत नाही, सांडलवंड नको). पावसाळ्यात त्या गारव्याची किंमत कळत नाही कुणाला.

चुकतंसुद्धा बरं का. एका वर्षी धरणातनं कालव्याला नि नदीला पाण्याचं आवर्तन सुटलंय हे बघायचंच राहिलं माझं, सकाळी मेणवलीला पोचलो तर जिथं पोरांना बसवायचं ठरवलं होतं तिथं मांडीभर पाणी. त्या दिवशी नुसते घाटावर बसून पोहे खाल्ले आणि परत. तेव्हापासनं आदल्या दिवशी वाईत ओळखीच्या चहावाल्याला फोन करते, पाणी सोडलंय का म्हणून.

शेवटी माहुली. संगमावर विश्वेश्वराचं देऊळ, राजघराण्यातल्या समाध्या, आणि शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचं दगडी स्मारक. वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं अशी गोष्ट सांगतात. कुत्र्याचं नाव खंड्या. आता सकाळभर मी पोरांना खंड्या दाखवत असते, निळा, लांब चोचीचा, दरडीतला. त्यामुळे माहुलीला येऊन मी म्हटलं की हा बघा खंड्या, तर मागच्या वर्षी एक पिल्लू सगळ्या शिखरांवर, तारांवर, वडाच्या फांद्यांवर शोधत राहिलं आणि रडकुंडीला येऊन म्हणालं, काकू उडाला वाटतं.

तर ताई, येत्या रविवारी सहाला गेटपाशी. पाण्याच्या बाटल्या दोन द्या, ताक वेगळं. आणि तुम्हीही चला की, गाडीत एक जागा आहे.