तिखटाला ऊन सोसत नाही

सोलापुरात मिरची लावणाऱ्यांचा एक हिशेब हमखास चुकतो. मिरची तिखट, इथलं ऊनही तिखट, तेव्हा दोघांचं जमणारच, असं धरून कुंडी गच्चीच्या भर उन्हात ठेवली जाते. मार्चपर्यंत सगळं झकास. एप्रिलमध्ये फुलं येतात आणि देठासकट गळतात, मेमध्ये झाड सकाळी दहालाच माना टाकतं, आणि घरात निकाल लागतो की आपल्या हाताला मिरची येत नाही. हाताचा काही दोष नसतो. दिवसाचं तापमान पस्तिशीच्या वर आणि रात्रीचं चोविशी-पंचविशीच्या वर राहू लागलं की मिरचीचे परागकण निकामी होतात आणि फळ न धरता फूल गळून जातं. उन्हाळ्यात इथे दुपारी पारा ४२-४३ पर्यंत जातो आणि रात्रीही फारसं निवत नाही. मूळची ही अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. तिकडची रानमिरची आजही मोठ्या झुडपांच्या आडोशाला वाढते. म्हणजे दिसायला जहाल, पण स्वभावानं सावलीतली.

मात्र आपल्या जिभेला ऊन आणि मिरची यांतला फरक कळत नाही, हे शास्त्रानंच सांगितलं आहे. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन मज्जातंतूवरच्या ज्या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या रेणूला) जाऊन झोंबतं, तो ग्राही खरा आहे चटका ओळखण्यासाठी. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. हा ग्राही साधारण ४३ अंशांच्या पुढे जागा होतो. सोलापूरकराला हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको! पक्ष्यांच्या ग्राहीवर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही, म्हणून बुलबुल पिकलेली लवंगी मिरची डाळिंबाच्या दाण्यासारखी खातो आणि बी दूरवर टाकून येतो. लाल झालेल्या मिरच्या देठ शाबूत आणि खालून अर्धवट फाडलेल्या दिसल्या, तर अळीवर औषध मारण्याआधी सकाळी गच्चीवर कोण येतं ते बघावं.

तेव्हा इथलं वेळापत्रक उलटं मांडायचं. जूनच्या पहिल्या आठवड्यात बी टाकायचं, जुलैच्या मध्यावर रोप मोठ्या कुंडीत हलवायचं, म्हणजे फुलोरा पावसाच्या ढगाळ दिवसांत येतो आणि सप्टेंबर ते फेब्रुवारी तोडे मिळतात. पाकिटावर ‘वर्षभर लागवड’ असं छापलेलं असतं, पण पाकीट छापणाऱ्यानं सोलापूरचा मे पाहिलेला नसतो.

जात कोणती? हा प्रश्न इथल्या एका गल्लीत तीन उत्तरं मिळवतो. कानडी घरात ब्याडगीचं नाव निघेल, तेलुगू घरात गुंटूरचं, मराठी घरात लवंगीचं. यातली ब्याडगी रंगासाठी असते, तिखटपणा बेताचा. ठसका हवा असणाऱ्यानं तिच्या नादी लागू नये. रोजच्या फोडणीला आणि ठेच्याला ज्वाला चांगली, कुंडीतही मन लावून लागते. लवंगी बुटकी, फळ लहान पण जाळ मोठा. चौघांच्या घराला ज्वालाची तीन झाडं आणि लवंगीचं एक पुरे. भूत जोलोकिया हौसेनं लावणारे वाढत आहेत. २००७ मध्ये तिला जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनेसनं मान दिला होता, दहा लाखांहून जास्त स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक). पुढे इतरांनी तो हिसकावला. ती इथे येते, पण तिचं बी उगवायलाच तीन-चार आठवडे घेतं, फळ पिकायलाही वेळ लागतो आणि कोरड्या उन्हाचा तिला मनस्वी राग. तिच्यासाठी पंधरा इंची कुंडी आणि पूर्वेकडची जागा ठेवावी. एका झाडाच्या मिरच्या वाटता वाटता नाती तुटायची वेळ येते, दुसरं झाड लावू नये.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून अर्धा ते एक सेंटीमीटर खोल पेरावं. माती भुसभुशीत, सावलीतली, पण उबदार: २५ ते ३० अंश. ज्वाला, लवंगी आठ-दहा दिवसांत वर येतात. इथे घाईत सकाळ-संध्याकाळ पाणी ओतलं जातं आणि हातभर कौतुक झालेली रोपं जमिनीलगत दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडतात. हा मर रोग, आणि तो बहुतेक वेळा पाण्यानेच आणलेला असतो. वरची माती कोरडी दिसू लागल्यावर फवाऱ्यानं ओलवायची, एवढंच. पाच-सहा खरी पानं (बियातून निघणारी पहिली दोन दलं सोडून) आली की बारा इंची कुंडीत, तेही संध्याकाळी.

आता माती. सोलापूरची काळी माती ज्वारीला सोनं आहे, कुंडीत मात्र तिच्यासारखी फसवी दुसरी नाही. ओली असताना फुगते, वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून तांब्याभर पाणी घातलं की ते कडेच्या फटीतून खाली जातं, भोकातून बाहेर येतं, आपण समाधानानं वळतो आणि आतला मातीचा गोळा कोरडाच्या कोरडा. काळी माती चौथा हिस्सा पुरे. उरलेल्यात दोन हिस्से तांबडी किंवा पोयट्याची माती, एक हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत, वरून ओंजळभर निंबोळी पेंड. ताजं शेण घालू नये, त्याची ऊब मुळं भाजते. चुलीची राख घालायची जुनी सवय आहे, पण इथे ती टाळावी. आपली माती आणि बोअरचं पाणी आधीच चुनखडीचं, त्यात राख म्हणजे आगीत तेल. मग वरची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा लोहाचा तुटवडा. लोह मातीत असतं, पण मुळाला घेता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला दोन-तीन ग्रॅम, चार थेंब लिंबू पिळून, संध्याकाळी पानांवर फवारलं की नवी पानं हिरवी येतात. जुन्या पानांची आशा सोडावी.

पाण्याचं इथे मोठं दुखणं. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पाणी आलं त्या दिवशी सगळं घर न्हातं आणि कुंड्याही न्हातात. मग चार दिवस दोन्हीकडे काटकसर. मिरचीला हे चढउतार मानवत नाहीत. कोवळ्या मिरचीच्या टोकाला पाण्याळ, मग तपकिरी चामड्यासारखा डाग दिसला की लोक रोगाचं औषध शोधतात. तो रोग नव्हे. कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही, कारण ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर चढतं आणि प्रवाहच तुटक असतो. इथल्या जड पाण्यात कॅल्शियमची काय कमतरता? तरी टोक कुजतं. भरलेली बादली बाजूला ठेवून रोज थोडं थोडं द्यावं. बोट दोन पेरं मातीत घालून वाफसा बघावा. ओल लागली तर थांबावं. दुपारी दोनला पानं मलूल दिसतात म्हणून पाणी घालणं ही दयाळू चूक आहे. संध्याकाळी पानं आपोआप ताठ झाली तर ती तहान नव्हती. संध्याकाळीही मान खाली आणि माती ओली, असं असेल तर मुळं कुजताहेत. भोक बुजलंय का ते आधी बघा.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडावा. जीव तुटतो, पण फांद्या फुटतात. पहिली दोन-चार फुलंही काढून टाकावीत, म्हणजे लहान वयात फळांचा भार पडत नाही. दर तीन आठवड्यांनी दोन मुठी गांडूळखत पुरतं. युरियाचे दाणे टाकले तर झाड हिरवंगार, पानं तळहाताएवढी आणि मिरची औषधापुरती.

बोकड्या, म्हणजे चुरडा-मुरडा, याबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे, कारण घरोघरची निम्मी झाडं त्यानं उपटली जातात आणि त्यांतली पुष्कळशी वाचली असती. पान हातात घेऊन बघावं. कडा वर वळून पानाची होडी झाली असेल तर फुलकिडे. भिंग असेल तर पानाच्या मागे, शिरेलगत, फिकट पिवळसर रेघेएवढे किडे पळताना दिसतात. भिंग नसेल तर कोवळा शेंडा पांढऱ्या कागदावर झटकावा, रेघा चालू लागतात. कडा खाली वळून होडी उलटी झाली, देठ लांबला, पानाची मागची बाजू तेलकट तपकिरी दिसली, तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा सूक्ष्म जीव. हा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्यावर भलतीच कीटकनाशकं मारली जातात. ती त्याला लागत नाहीत आणि त्याला खाणारे किडे तेवढे मरतात. तिसरा प्रकार विषाणूचा, पांढऱ्या माशीनं आणलेला: पानं बारीक, जाड, गुच्छासारखी, झाड खुरटं. याला औषध नाही. ते झाड पिशवीत भरून बाहेर टाकायचं, गच्चीच्या कोपऱ्यात नव्हे.

पहिल्या दोघांवर सुरुवात साध्या पाण्यानं करावी. पानांच्या मागून जोराची धार, सकाळी, तीन दिवस. नंतर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि एक-दोन मिली पातळ साबण घोळून संध्याकाळी फवारावं, पुन्हा आठवड्यानं. पानांच्या वर वर शिंपडून काही होत नाही, वस्ती मागच्या बाजूला आहे. कोळी हटत नसेल तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम. पण तेलाच्या फवारणीनंतर दोन-तीन आठवडे आणि भर उन्हाच्या दिवसांत गंधक मारू नये, पानं करपतात.

तिखटपणा मुख्यतः जातीत असतो. पाणी किंचित ओढून दिलं तर धार वाढते हे खरं. तोड्याआधी दोन-तीन दिवस हात आखडावा. त्याहून जास्त ताण दिला तर तिखट मिरचीऐवजी गळलेली फुलं मिळतात. तिखटाचं घर बियांत नसून बी ज्या पांढऱ्या गराला चिकटलेलं असतं त्यात आहे, म्हणून बी झटकून ‘कमी तिखट’ केलेला ठेचा जेवणाऱ्याला रडवतो. शेजारी लवंगी लावली म्हणून ढोबळी तिखट झाली, हेही ऐकू येतं. परागाचा परिणाम बियांत होतो, त्या हंगामाच्या फळात नाही. पुढच्या वर्षी त्या बियांतून काय निघेल याची मात्र खात्री देता येत नाही.

मिरची ओढून तोडू नये, फांदी चिरते. देठासकट कात्रीनं कापावी. हिरव्या मिरच्या वेळेवर काढत गेलं तर नवा फुलोरा येत राहतो. शेंगाचटणीसाठी लाल हव्या असतील तर एक झाड त्यासाठी सोडून द्यावं. पूर्ण लाल झालेल्या मिरच्या एका थरात, अधूनमधून हलवत वाळवाव्यात. हलवल्यावर बी खुळखुळलं की झालं. अर्धवट वाळलेल्या डब्यात भरल्या की चार दिवसांत बुरशी. लवंगी चिरण्याआधी हातांना तेल लावावं. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात नाही. हात झोंबलेच तर आधी तेल, मग साबण. जिभेला पाणी नको, दही द्या.

फेब्रुवारी सरला की झाड मेलं असं समजून टाकू नका. मिरची दोन-तीन वर्षं जगते. दहा इंचांवर छाटावी, पन्नास टक्के ऊन अडवणाऱ्या हिरव्या जाळीखाली न्यावी. जुनी चादर बांधू नये. सोलापुरी चादर टिकाऊ असते खरी, पण उजेड आणि वारा दोन्ही अडवते. कुंडी स्लॅबवर थेट न ठेवता विटांवर, कुंडीला बाहेरून चुना, आणि मातीवर दोन इंच उसाचं पाचट किंवा कडब्याचे तुकडे. मेमध्ये फूल आलं तरी खुडून टाकावं. जूनच्या पहिल्या पावसानंतर त्याच बुंध्याला फुटवे येतात आणि नव्या रोपाच्या महिनाभर आधी मिरची लागते.

बी धरायचं तर निरोगी झाडाच्या, दुसऱ्या-तिसऱ्या तोड्यातल्या पूर्ण लाल मिरच्यांचं. संकरित रोपाचं धरू नये, पुढची पिढी आईसारखी निघत नाही. सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या बाटलीत दोन-तीन वर्षं टिकतं. बाटलीवर जात आणि वर्ष त्याच दिवशी लिहावं. वाळल्यावर लवंगीचं आणि ढोबळीचं बी नुसत्या नजरेला ओळखू येत नाही.