भाव, फलाट आणि चौथी सीट

मी रोजचं ऑनलाइन लिहिते असं कळलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पैसे मिळतात का? आणि घरी चालतं का? पैसे मिळत नाहीत. नवरा वाचत नाही, त्यामुळे चालतं.

मी मुलुंडला राहते, दादरला एका कचेरीत हिशेब बघते. लिहायला लागले ती 'बरहा' हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घेतल्यावर. त्याआधी मराठीत मेल पाठवायचा म्हणजे समोरच्याकडे तोच फॉन्ट हवा, नाहीतर त्याला नुसते चौकोन आणि चिन्हांचा पाला दिसायचा. युनिकोडने ती कटकट संपवली. रोमन अक्षरं बडवली की पडद्यावर देवनागरी उमटते याचीच तेव्हा एवढी गंमत होती की काय लिहितोय याकडे फारसं लक्ष नसे. पहिला पाऊस, खिडकी, चहा, मनाचा कोपरा असा सगळा ऐवज आहे त्यात. आता वाचवत नाही. पाऊस बघून मला जे वाटलं ते मुलुंडपासून मालवणपर्यंत सगळ्यांनाच वाटतं.

वाचवतं ते वेगळंच. लोकलची कुपनं होती, आठवतात? वेगवेगळ्या रकमांच्या कुपनांची पुस्तिका घ्यायची आणि भाड्याची रक्कम जुळेल इतकी कुपनं स्टेशनवरच्या मशीनमध्ये घालून एकामागून एक पंच करायची. ठक्क असा आवाज यायचा आणि स्टेशन, तारीख, वेळ उमटायची. म्हणजे उमटली तर. शाई निम्म्या वेळा इतकी फिकी असायची की कुपन उजेडात धरून बघावं लागे. मशीनला बुक्की मारणारा एक तरी माणूस तिथे असेच, आणि "दुसऱ्यात टाका, हे बंद आहे" असं सांगणारा दुसरा. माझ्या एका जुन्या नोंदीत हे सगळं आहे: टीसीने कुपन डोळ्याजवळ धरून बघितलं, मी म्हटलं, "अहो, पंच केलंय, दिसत नाही त्याला मी काय करू?" त्यावर तो म्हणाला, "मला तरी कुठे दिसतंय, जा." आता तिकीट मोबाइलवर येतं. कुपनं गेली तेव्हा कुणी हळहळलं नाही, मीही नाही. पण ती नोंद वाचली की तो ठक्क आवाज जसाच्या तसा ऐकू येतो, जो एरवी आठवून आठवला नसता.

तेव्हापासून माझा एकच आग्रह आहे. वाटलं काय ते कमी लिही, होतं काय ते जास्त लिही. कोथिंबिरीची जुडी केवढ्याला, रिक्षावाल्याने सुट्टे दिले की गोळी दिली, डबा कितव्या खांबासमोर थांबतो. भावना जुन्या झाल्या की सगळ्यांच्या सारख्याच दिसतात, भाव मात्र जुना झाला की वाचायला मजा येते. 2019 च्या जुलैत बेस्टने बसचं किमान भाडं 8 रुपयांवरून 5 वर आणलं. तेव्हा मी लिहिलंय की माझ्या पुढच्या सीटवरचे आजोबा तिकीट उलटसुलट करून बघत होते आणि कंडक्टर हसून म्हणत होता, "बरोबर आहे काका, पाचच." मुंबईत कशाचं भाडं कमी होतंय यावर कुणाचा विश्वासच बसत नव्हता. 2025 च्या मेमध्ये ते 10 झालं, त्यावर मात्र सगळ्यांचा लगेच बसला.

सगळ्यात जास्त नोंदी अर्थातच लेडीज डब्याच्या. तीन जणींच्या बाकावर चौथी टेकते, म्हणजे बसते असं म्हणायचं एवढंच. सीट बुक करायची पद्धत अशी की चढल्या चढल्या बसलेल्या बाईकडे बघून भुवया उंचावायच्या आणि "कुठे?" एवढंच विचारायचं. "कुर्ला." "मला द्या." पण तिची सीट आधीच गेलेली असते आणि ती बोटाने दाखवते, "त्या पिवळ्या ड्रेसला सांगितलीय." नावं कुणाची कुणाला माहीत नसतात, ड्रेसच्या रंगावर सगळा कारभार. मग पिवळ्या ड्रेसच्या मागे नंबर लावायचा. पोटजातींसारखे नियम आहेत यात: खिडकीवालीची सीट मधलीला आधी, मधली सरकली की तिसरीला मधली, चौथीला तिसरीची, आणि नव्याने येणारी चौथ्या सीटवर. यावरून जी भांडणं होतात ती मी शक्यतो शब्दशः उतरवते. घरी कुणाला असं बोलता येत नाही, ते इथे बोलतात बायका.

2014 च्या जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. वर्तमानपत्रांनी उद्घाटन लिहिलं, मी लिहिलं की घाटकोपरला डबा रिकामा व्हायला लागला. अंधेरीकडे जाणाऱ्या बायका आधी दादरपर्यंत येऊन वेस्टर्नची गाडी धरायच्या, त्या आता घाटकोपरलाच उतरू लागल्या. मुलुंडला चढणाऱ्या आम्हा बिचाऱ्यांना घाटकोपर ते दादर टेकायला मिळू लागलं. "कुठे?" ला "कुर्ला" ऐवजी "घाटकोपर" हे उत्तर सोन्यासारखं झालं. आणि घाटकोपरच्या पुलावरची चेंगराचेंगरी वाढली, तेही आहे लिहिलेलं.

दादरचंही तसंच. पूर्वी दादरला दोन एक नंबर होते, वेस्टर्नचा आणि सेंट्रलचा. "एक नंबरवर भेट" म्हटलं की "कुठल्या?" आलंच, आणि न विचारणारा माणूस दुसऱ्याच एक नंबरवर अर्धा तास उभा. डिसेंबर 2023 मध्ये सेंट्रलच्या फलाटांना 8 ते 14 नंबर दिले, वेस्टर्नचे 1 ते 7 तसेच राहिले. पुढे कितीतरी दिवस लोक "जुना तीन, जुना तीन" करत होते. माझ्या जुन्या नोंदींतले नंबर मी बदललेले नाहीत. बदलले तर तेव्हाचा गोंधळच जाईल की.

काय लिहीत नाही, तेही सांगते. ऑफिसचं नाही. मुलाचं, तो दहावीत गेल्यापासून, त्याला विचारल्याशिवाय नाही, आणि तो हो म्हणतच नाही. गावाला जायचं असेल तर परत आल्यावर लिहिते. घर बंद आहे हे जगाला कशाला सांगा? डब्यातल्या कुणाचा फोटो नाही, खरं नाव नाही. एकदा एकीने चार स्टेशनांत आपल्या लेकीच्या मोडलेल्या लग्नाचं सगळं सांगितलं. इतकं नेमकं सांगत होती की हात शिवशिवले. लिहिलं नाही. तिला मी ऐकायला हवी होते, टिपायला नाही.

बाकी वहीच का नाही, असंही विचारतात. आमच्या तळमजल्याच्या घरात पावसाळ्यात कपाटातल्या वह्यांना बुरशी येते, हे एक कारण. ऑनलाइनला बुरशी नसली तरी तेही अमर नाही. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं काढून टाकू शकतो, असं गूगलने 2023 मध्ये जाहीर केलंच आहे. त्यामुळे अधूनमधून सगळ्याची प्रत उतरवून पेनड्राइव्हवर ठेवते, आणि तो पेनड्राइव्ह मंगळसूत्राच्या डबीत. नवऱ्याला तेवढं माहीत आहे.

डब्यात मात्र बातमी फुटलीच. आता भांडण रंगात आलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "हिच्यासमोर नको गं, उद्या छापून येईल." गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपमधली सगळ्यात जुनी मेंबर रिटायर झाली. डोंबिवलीहून बसून येणारी, खिडकी कधी न सोडणारी. शेवटच्या दिवशी डब्यात साबुदाणा वडे वाटले, हिरवी चटणी स्टीलच्या डब्यातून सगळीकडे फिरली, दारातल्या बायकांपर्यंत गेली. उतरताना मला म्हणाली, "आज माझ्यावर लिही. नाव बदल, पण वडे मीच केले होते ते लिही, नाहीतर सुनेला क्रेडिट जाईल."

नाव बदलायचा प्रश्नच आला नाही, लिहिलंच नाही. वडे तिनेच केले होते. सकाळी साडेचारला उठून.