थंडी वाजण्याआधीचं जॅकेट

रात्री, तंबूत.

ओले लायनर मोजे पोटाशी धरून स्लीपिंग बॅगमध्ये पडलेय. अंगाच्या उबेवर सकाळपर्यंत सुकतील. बाहेर टांगले असते तर उद्या त्यांचे पापड झाले असते.

आज पारा उणे 10 च्या आसपास होता, म्हणजे गोठलेल्या धबधब्यावर चढायला काही वाईट नाही. पण दुपारी वारा सुटला. उणे 10 ला ताशी 30 किलोमीटर वेगाचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे 20 सारखं लागतं. शिवाय वरून सतत भुरभुरणारा कोरडा बर्फ. मानेपाशी बोटभर फट मिळाली तरी तो आत शिरतो आणि पाठीवर वितळतो. हेल्मेटवरून येणारं टोपडं नसेल तर तासाभरात माणूस आतून ओला.

लोकांना वाटतं की बर्फावर चढणाऱ्याला थंडी सोसता आली पाहिजे. मला हा सोसण्याचा मोठेपणा कधीच पटला नाही. सोसत असलेल्या माणसाचं अर्धं लक्ष सोसण्यातच जातं, आणि उरलेल्या अर्ध्यात आइस स्क्रू (दोर अडकवायला बर्फात फिरवून बसवायची नळी) लावणं, दोर सांभाळणं, वरून सुटणारे बर्फाचे तुकडे चुकवणं हे सगळं बसत नाही. मला लक्ष हवं असतं, म्हणून मी आरामाची काळजी घेते. तो आराम वेळेआधी मिळवावा लागतो. थंडी जाणवायला लागली तेव्हा उशीर झालेला असतो.

तसं पाहिलं तर चढताना थंडी नसतेच. दोन्ही हातांनी टूल, म्हणजे बर्फाच्या छोट्या कुऱ्हाडी, मारत, टाचा खाली ठेवून क्रॅम्पॉनच्या (बुटाला बांधलेल्या काट्यांच्या) पुढच्या दातांवर तोल सांभाळत वर सरकणारा माणूस घामाघूम होतो. थंडी असते बिलेला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर धरून, उभं राहण्यात. वर लीडर, म्हणजे आधी चढणारा, खटाखट करतोय, आपण पाऊण तास एका जागी दोर सोडतोय, आणि मघाचा घाम आता आपल्यावर उलटतोय. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून पिच, म्हणजे दोराच्या एका टप्प्याचा चढ, सुरू करताना मी थोडी कुडकुडतच निघते. तळाशी ऊबदार वाटत असेल तर अंगावर एक थर जास्त आहे असं समजायचं. आतला कपडा लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा. सुती कापड ओलं झालं की ओलंच राहतं.

आणि जाड जॅकेट. अँकरला, म्हणजे बर्फात पक्क्या केलेल्या आधाराला, स्वतःला बांधून घेतलं की लगेच ते अंगावर, हार्नेस-हेल्मेट सगळ्याच्या वरून. ‘अजून गरम आहे, बघू थोड्या वेळाने’ असं म्हणायचं नाही. जॅकेट ऊब तयार करत नाही, असलेली राखतं. ती निघून गेल्यावर घातलं तर राखायला काय उरतं?

हातांचं प्रकरण वेगळं आणि जास्त अवघड. हात सतत डोक्याच्या वर, मूठ आवळलेली, बाहेर गारठा; बोटांतलं रक्त मागे हटतं आणि बोटं बधिर होतात. हे चालून जातं. छळ पुढे होतो. हात खाली आले की रक्त परत येतं आणि तेव्हा जी कळ निघते तिने डोळ्यांत पाणी येतं, पोटात ढवळतं, कधी ओकारीही येते. आज माझ्या जोडीदाराला पहिल्या पिचच्या माथ्यावर ती कळ आली. तो अँकरवर कपाळ टेकून उभा राहिला आणि मी गप्प बसले. त्या वेळी दिलासा देणाऱ्याचा फक्त राग येतो.

यावर मोठमोठ्या हातमोज्यांचा उपाय लोक सांगतात. चढताना तो उलटतो. जाड मोज्यात टूलचा दांडा नीट जाणवत नाही, म्हणून मूठ आणखी आवळली जाते, आणि आवळलेल्या मुठीत रक्त कमीच पोचतं. त्यामुळे चढायला पातळ, बिलेला जाड, आणि एक कोरडा जोड जॅकेटच्या आत छातीशी. स्क्रू डोक्यावर हात ताणून लावण्याऐवजी कमरेच्या उंचीवर लावायचा. तिथे जोरही चांगला बसतो आणि हातही खाली राहतो. टूल बसलं की मूठ सैल करायची आणि दुसरा हात मोकळा खाली झटकायचा. बोटं फारच गेली तर दोन्ही हात खांद्यातून गोल गोल जोरात फिरवायचे म्हणजे रक्त बोटांकडे फेकलं जातं. बघणाऱ्याला वेड लागल्यासारखं दिसतं, पण काम होतं.

मूठ आवळण्यामागे थंडीइतकीच भीतीही असते. आजचा बर्फ ठिसूळ होता. कडाक्यात तो असाच होतो, टूल मारलं की थाळीएवढे तुकडे सुटतात. असे दोन तुकडे पायाशी गेले की पुढचा घाव आपोआप दुप्पट जोरात पडतो आणि आणखी बर्फ फुटतो. मी तेव्हा फुगवट्यांवरची नजर काढून खोलगट जागा शोधते, श्वास सोडताना मारते, आणि विचार पुढच्या स्क्रूच्या पलीकडे जाऊ देत नाही. माथा किती दूर आहे हा प्रश्न बिलेवर विचारायचा.

पायांबद्दल एवढंच की घट्ट बुटात मोज्यांचा दुसरा जोड घालून ऊब येत नाही, रक्त अडतं. बुटात गरम पुड्या कोंबल्या तरी त्यांतल्या लोखंडाच्या भुकटीला हवा लागते, आणि गच्च बुटात ती कुठून मिळणार. पाण्याची बाटली उलटी ठेवायची; बर्फ वरच्या बाजूने धरतो, झाकण मोकळं राहतं. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळायचं नाही.

दुसऱ्या पिचवर जोडीदाराच्या हातातून कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) निसटला. थोड्या वेळाने तो कुरकुरायला लागला, आणि एरवी तो कुरकुरत नाही. मी म्हटलं, “अंगठा करंगळीला लावून दाखव.” लागला, पण नजरेने जुळवत, सावकाश. तो गारठलाय हे कळायला मला तेवढं पुरलं. बर्फात तिरपे स्क्रू फिरवून आत एकमेकांना मिळणारी दोन भोकं पाडली, त्यांतून दोरी ओवली आणि उतरलो. या अँकरला सोव्हिएत गिर्यारोहक विताली अबालाकोव्ह यांचं नाव आहे. माथ्यावरच्या फोटोंपेक्षा अशा दोरीच्या फासावर माझा जास्त जीव आहे.

खाली आल्यावर त्याने विचारलं, “फक्त तुझ्यावर असतं तर वर गेली असतीस ना?” उजेड होता, माझी बोटं गरम होती. हो म्हणाले. तो थोडा वेळ चिडून होता, सूप प्यायल्यावर निवळला.

वारा पडला तर उद्या पहिली पिच तो लीड करेल. म्हणजे बिलेला मी, आणि जाड पँट मला.