इन्शुरन्स बाबांचा, थेरपी माझी

अमेरिकेत 26 वर्षांचे होईपर्यंत आईवडिलांच्या हेल्थ इन्शुरन्सवर राहता येतं. मीही बाबांच्याच प्लॅनवर आहे; ते फ्रीमाँटला, मी शिकायला सॅन डिएगोत. थेरपिस्टकडे जायचं ठरवलं तेव्हा पैशांपेक्षा धास्ती होती ती टपालाची. क्लेम झाला की इन्शुरन्स कंपनीचं ‘एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स’ येतं: तारीख, कुणाकडे गेलात, पैसे किती. आणि आमच्याकडे पाकिटावर नाव कुणाचंही असो, फोडते आईच.

थेरपिस्टच्या रिसेप्शनवरच्या बाईंनी सांगितलं, आधी इन्शुरन्स कंपनीला ‘कॉन्फिडेन्शियल कम्युनिकेशन रिक्वेस्ट’ दे, म्हणजे माझ्या उपचारांचे कागद बाबांकडे न पाठवता थेट माझ्याकडेच पाठवा अशी विनंती. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2022 पासून एबी 1184 हा कायदा लागू आहे. मानसिक आरोग्य, गर्भनिरोधन, व्यसनमुक्ती अशा संवेदनशील उपचारांची माहिती रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय पॉलिसीधारकाला कळवता येत नाही. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्यासाठीच्या केंद्राच्या हिपा कायद्याखाली अशी विनंती केली तर कंपनी ‘माहिती फुटली तर मला धोका आहे’ असं लिहून मागू शकते. इथे ती भानगड नाही.

इन्शुरन्स कंपनीच्या फोनवरच्या माणसाला मात्र यातलं काही ठाऊक नसावं. ‘पॉलिसीधारकाची परवानगी लागेल,’ म्हणाला. म्हणजे ज्यांना कळू द्यायचं नाही त्यांचीच सही आणायची! मी कायद्याचा नंबर सांगून सुपरवायझर मागितला. बराच वेळ ते रटाळ संगीत ऐकवल्यावर सूर बदलला. विनंती फोनवर किंवा ऑनलाइन केली तर 7 दिवसांत आणि टपालाने केली तर 14 दिवसांत अंमलात आणावी लागते. मी पोर्टलवरून केली आणि माझा ईमेल, माझाच मोबाइल दिला.

मोठ्या आयटी कंपनीचा इन्शुरन्स असेल तर एक गोष्ट आधी विचारून घ्या. बऱ्याच मोठ्या कंपन्या क्लेमचे पैसे स्वतःच भरतात, इन्शुरन्स कंपनी नुसती कागदपत्रं सांभाळते. अशा सेल्फ-फंडेड प्लॅनला राज्याचा हा कायदा लागू होत नाही, आणि कार्डावर नाव नेहमीच्याच कंपनीचं असल्यामुळे पटकन लक्षातही येत नाही. आमचा तसा नव्हता. दुसरी मेख डिडक्टिबलची, म्हणजे इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी आपण खिशातून भरायच्या रकमेची: कुटुंबाचा एकत्र आकडा पुढे सरकलेला दिसला की आमचे बाबा हिशोब मागणारच. सुदैवाने आमच्या प्लॅनमध्ये थेरपीला फक्त कोपे, म्हणजे दर भेटीला भरायची ठरलेली रक्कम, होता.

जानेवारीत बाबांच्या ऑफिसने इन्शुरन्स कंपनीच बदलली. जुनी विनंती नव्या कंपनीकडे आपोआप जात नाही, म्हणून नवं कार्ड हातात पडताच, पुढच्या अपॉइंटमेंटच्या आधी, पुन्हा तोच फॉर्म भरला.