बुडाशी उरलेलं पाणी

कूलर नेमका कधी काढून ठेवायचा, याबद्दल आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. आईचं म्हणणं, दसरा झाला की काढावा. बायकोचं म्हणणं, ऑक्टोबरचं ऊन तर सरू द्या. माझं म्हणणं कोणी विचारत नाही, पण काढायचं काम माझ्याकडंच येतं.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलं. प्यायला शहानूर धरणाचं नळाचं पाणी, बाकी सगळ्याला बोअरचं खारं. कूलरला गोडं पाणी घालणं आईच्या लेखी पापच. त्यामुळं आमचा पत्र्याचा कूलर मार्चपासून खारं पाणी पितो. कूलर पाण्याची वाफ करतो, मिठाची करत नाही. वाफ उडून जाते, मीठ मागं राहतं, वरून पुन्हा खारं पाणी पडतं. पावसाळा लागेपर्यंत ताट्यांवर पांढरा थर असा चढतो की त्यातलं वुडवुल, म्हणजे लाकडाचा कीस, हातात घेतलं तर कटकन मोडतं. पंप मुठीत मावेल एवढा, त्याची जाळीही त्याच थरानं बुजलेली. ती लिंबाच्या पाण्यात रात्रभर ठेवायची आणि सकाळी जुन्या टूथब्रशनं घासायची. जुन्या ताट्या उकिरड्यावर, पंख्याच्या बेअरिंगला दोन थेंब ऑइल. इथपर्यंतचं काम सोपं आहे.

खरी गंमत टाकीची. खाली बूच असतं, ते काढलं की पाणी भसाभस निघून जातं आणि माणसाला वाटतं, झालं. पण बूच बुडापासून बोटभर वर बसवलेलं असतं. हा शोध कोणत्या कारागिरानं लावला, त्याला एकदा भेटायचं आहे. तांब्याभर पाणी टाकीत उरतंच. मग कूलर एका अंगाला कलता करायचा, बायकोनं धरायचा, मी जुन्या बनियननं कोपरे पुसायचे, आणि आईनं दारातून सांगायचं, ‘‘त्या तिकडच्या कोपऱ्यात हाय अजून.’’ असतंच तिथं. ते तांब्याभर पाणी ठेवलं तर होळीपर्यंत पत्र्याला भोक पडतं. त्याहून वाईट म्हणजे डेंग्यूचा डास, एडिस. त्याची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या ओल्या भिंतीला अंडी चिकटवते. टाकी वाळली तरी ती मरत नाहीत, कित्येक महिने तशीच तग धरतात आणि पुढं पाणी मिळालं की फुटतात. म्हणून नुसतं वाळवून भागत नाही, भिंती काथ्यानं घासाव्या लागतात.

याच दिवसांत माझा भाचा अमेरिकेत, मिनेसोटात, जवळजवळ हेच काम करत असतो. त्यानं एक जुना कॅम्पिंग ट्रेलर घेतलाय. पिकअप गाडीच्या मागं जोडायचं चाकांवरचं घरच ते. दोन बिछाने, शेगडी, सिंक, संडास, अंघोळीला गरम पाणी. तिकडच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘दहा हजार तळी’ असं लिहिलेलं असतं. उन्हाळाभर हा त्यातल्याच कोणत्या तरी तळ्याकाठी ट्रेलर नेऊन लावतो. ऑक्टोबर आला की मात्र ट्रेलरमधलं सगळं पाणी काढावं लागतं, नाहीतर हिवाळा आत शिरतो आणि ते गोठवतो.

‘‘मामाजी, पाहा,’’ म्हणून त्यानं व्हिडिओ कॉल लावला, आणि मोबाइल माझ्या हातातून आईनं घेतला.

आधी त्यानं साठवणीची टाकी रिकामी केली. मग ट्रेलरखाली घुसून दोन तोट्या उघडल्या, एक गरम नळीची, एक थंड. त्या सगळ्यात खालच्या पातळीला बसवलेल्या असतात. आमच्या कूलरवाल्यानं यावर जरा विचार करावा. पाणी तापवायचा हीटर आधीच बंद करून निवू दिलेला होता. त्याचं बूच काढलं तर बुचाला धरूनच एक लांब दांडा बाहेर आला, किडलेला, जागोजागी खाल्लेला. मॅग्नेशियमचा असतो म्हणे. पाणी लोखंडी टाकीऐवजी आधी त्याला खातं, म्हणून टाकी वाचते आणि दांडा बदलावा लागतो. आईनं दांडा नीट निरखून विचारलं, ‘‘तुमच्या इकडंही खारं पाणी हाय काय रे?’’

पुढं कंप्रेसर. चाळीस पौंडांच्या आत हवा ठेवून त्यानं नळ्यांमधलं पाणी फुंकून काढलं. कारच्या टायरात भरतो साधारण तेवढीच, कारण जास्त दाब दिला तर सांधेच सुटतात. एकेक नळ फुरफुरला, थुंकला, गप्प झाला.

एवढं करूनही काम संपत नाही. नळीच्या वळणात, पंपाच्या पोटात, सिंकखालच्या वाकड्या पाइपात घोट-घोट पाणी राहतंच. सिंकखालचं तर मुद्दामच ठेवलेलं असतं, खालचा घाण वास वर येऊ नये म्हणून. मग एक गुलाबी औषध, नळ्यांत गोठण होऊ न देणारं. गाडीच्या रेडिएटरमध्ये सहसा टाकतात ते कूलंट विषारी, त्यात एथिलीन ग्लायकॉल असतं. हे त्याहून वेगळं, प्रोपिलीन ग्लायकॉल, पाण्याच्या नळ्यांत चालण्याजोगं. हीटर बायपास करायचा, म्हणजे औषध त्याला वळसा घालून जातं, नाहीतर सगळं औषध तोच पिऊन टाकतो. मग ट्रेलरच्याच पंपानं कॅनमधलं औषध ओढायचं आणि प्रत्येक नळातून गुलाबी धार येईपर्यंत थांबायचं. आधी थंड, मग गरम. शॉवर, फ्लश, कुठलीच तोटी सोडायची नाही. शेवटी सिंकच्या जाळीतून कपभर वरून.

आई हे सगळं डोळे बारीक करून पाहत होती. ‘‘लेकराले एरंडेल पाजते तसं पाजून राहिला रे गाडीले,’’ ती म्हणाली. ‘‘पोट साफ झालं काय तिचं?’’

पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं. शंभर लिटर पाण्याचा बर्फ एकशे नऊ लिटरची जागा मागतो, आणि नळीत ती नसते. मिनेसोटात जानेवारीतल्या रात्री पारा शून्याखाली पंचवीस-तीसपर्यंत उतरतो. पाइपाच्या वळणावरचा एल्बो तडकतो, नळ फुटतो, पण कळत काहीच नाही. तडकलेल्या जागी बर्फच बुचासारखा बसलेला असतो. एप्रिलमध्ये तो वितळला की मग पलंगाखालून पाणी वाहायला लागतं. भाच्याच्या शेजाऱ्याच्या ट्रेलरला हा प्रसाद मिळालेला आहे.

आपल्याकडं ही भीती नाही. २०१८च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता, तेव्हाही गच्चीवरच्या टाक्या भरलेल्याच होत्या आणि कोणाचा पाइप फुटल्याचं ऐकलं नाही. आमच्या उत्तरेला चिखलदऱ्याला गवतावरचं दव गोठल्याच्या बातम्या येतात, पण ते दव आहे. नळ गोठलाय, अशी तक्रार तिथूनही कधी आली नाही.

मला मात्र त्या कंप्रेसरचं नवल वाटत राहिलं. आमचा सगळा जन्म पाणी आणण्यात आणि साठवण्यात गेला. नळ आला की घरात पळापळ होते, गुंड, ड्रम, बादल्या, शेवटी तांबेसुद्धा भरून ठेवतो. आणि हा पोरगा यंत्र लावून पाणी घालवतोय, थेंबही राहू नये म्हणून वर पैसे खर्च करतोय. पण टाकीभर पाण्याचा त्रास त्यालाही नाही आणि मलाही नाही, ते बूच काढलं की आपलं आपण जातं. दोघांनाही गुडघ्यावर बसवतं ते मागं राहिलेलं तांब्याभर. तिकडं ते फुगतं, इकडं गंजतं नाहीतर डास पाळतं.

एप्रिलमध्ये भाच्याला सगळं उलटं करावं लागतं. गोडं पाणी सोडून गुलाबी औषध धुऊन काढायचं, मग टाकीत थोडं क्लोरीनचं पाणी घालून ठेवायचं, तेही धुऊन टाकायचं, तेव्हा कुठं प्यायला पाणी मिळतं. हे ऐकल्यावर आईनं पहिला हिशोब पाण्याचा केला. किती बादल्या, कुठं ओतते, कशाले.

‘‘आजी, ती ओतायची जागा ठरलेली असते. तिथंच नेऊन सोडावं लागतं.’’

‘‘असं कसं सोडतं रे इतकं पाणी? झाडाले चालते काय ते गुलाबी?’’

त्याला ते माहीत नव्हतं. शोधून सांगतो म्हणाला, आणि आईनं मला बजावलं की पुढच्या रविवारी आठवणीनं विचारजो.