पाहुणा उपाशी गेला, तेव्हापासून

न्यू जर्सीत घर घेतलं त्याच्या दुसऱ्या वर्षीची, मे महिन्यातली सकाळ. डेकच्या कठड्यावर लाल ओढणी वाळत घातली होती आणि मी पायरीवर चहा पीत बसले होते. कानाशी भुंग्यासारखा घुमणारा आवाज आला. वळून पाहते तर अंगठ्याएवढा हिरवा पक्षी ओढणीसमोर हवेत उभा! चोच पुढे करून त्याने दोन-तीन ठिकाणी चाचपून पाहिलं, काही मिळालं नाही तसा मागच्या मागे सरकला आणि निघून गेला. अंगणात तेव्हा गवताशिवाय काही नव्हतं. दारात आलेला पाहुणा उपाशी परत गेला, हे मनाला फार लागलं.

तो होता रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत, पण सगळ्या अमेरिका खंडांतल्याच. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला घरटं करणारी ही एकच. वजन साधारण ३ ग्रॅम, म्हणजे आपल्या रुपयाच्या नाण्याइतकं. पंख सेकंदाला पन्नासेक वेळा हलतात. एवढासा जीव हिवाळा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत काढतो, आणि त्यातले कितीतरी मेक्सिकोच्या आखातावरून सुमारे ८०० किलोमीटर न थांबता उडत येतात. नराचा गळा सावलीत काळा दिसतो, पण मान वळवून उन्हाचा कोन जमला की धूपछाव पैठणीसारखा एकदम लालभडक पेटतो.

आईला व्हिडिओ दाखवला तर ती म्हणाली, ‘अगं, हा आपला शिंजीरच की!’ दिसायला सारखे खरे, पण नातं काही नाही. शिंजीर बहुधा फांदीवर नाहीतर देठावर बसून मध पितो. आपल्याकडचे पांगारा, काटेसावर, पळसही तसेच. पक्ष्याला टेकायला जागा ठेवणारे. या पक्ष्यासाठीची इथली फुलं मात्र बहुतेक बारीक नळीची, लोंबती, आणि टेकायला काही नाही. हवेत एका जागी उभं राहता येईल त्यानेच यावं. रंग लाल, कारण मधमाश्यांना लाल नीट दिसत नाही. तो मध पक्ष्यासाठी शिल्लक राहतो. मधमाश्यांना बोलवायचं नाही, म्हणून यातल्या बहुतेक फुलांना वासही नाही.

हे मला नंतर कळलं. आधी मी उत्साहाने दुकानातून दुहेरी पाकळ्यांचे लाल पेटुनिया आणून कुंड्या भरल्या. पाहायला सुंदर, पण पक्षी ढुंकूनही बघेना. शेजारच्या आजींनी कुंपणावरून पाहिलं आणि घरातून कागदाच्या पुडीत मूठभर बी आणून दिलं. म्हणाल्या, ‘इथल्या रानात जे उगवतं ते लाव. आणि एकाच महिन्यात सगळं फुलेल असं करू नकोस, तो एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत असतो.’ माझ्या बागेचा सगळा आराखडा या दोन वाक्यांतून आला.

ते बी होतं रानटी कोलंबाइनचं. पक्षी एप्रिलच्या अखेरीस परततो, झाडं अजून धड पालवलेली नसतात, तेव्हा हे फुलतं. फूल खाली मान घालून लोंबतं; बाहेरून लाल, आतून पिवळं, आणि पाच लांब शिंगं वर गेलेली. मध त्या शिंगांच्या टोकाला. पक्षी खालून येतो, मान वर करतो, पाची शिंगं एकेक करून रिकामी करतो आणि पुढच्या फुलाकडे जातो.

मेमध्ये कोरल हनिसकलचा वेल फुलतो. (जपानी हनिसकल आणू नका, ती इथलं रान गिळत चालली आहे.) या वेलावर माझ्या हातून मोठी चूक झाली. कोवळ्या शेंड्यांवर मावा पडला, म्हणून मी औषध फवारलं. मावा गेला आणि पक्षीही यायचा थांबला. मग वाचलं तेव्हा कळलं, हमिंगबर्ड नुसत्या मधावर जगत नाही. पिल्लांना मादी बारीक किडे आणि कोळी भरवते, घरटंही कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बांधते. मी त्यांच्या ताटातलं अर्धं जेवण काढून घेतलं होतं. तेव्हापासून मावा दिसला तर पाण्याची जोरदार धार, बाकी काही नाही.

जुलै बी-बाम या फुलझाडाचा. पानं चुरगळली की पुदिन्याच्या जवळचा वास येतो, त्यामुळे हरणं सहसा तोंड लावत नाहीत. इथे राहणाऱ्यांना याची किंमत कळेल. दमट हवेत पानांवर भुरी येते, म्हणून दाटी करायची नाही, दर दोन-तीन वर्षांनी गड्डा उपटून फोडून लावायचा.

माझं सगळ्यात लाडकं मात्र ऑगस्टमधलं कार्डिनल फ्लॉवर. ओढ्याकाठचं झाड, त्याला पाय ओले लागतात, म्हणून छताच्या पन्हळीचं पाणी पडतं तिथे लावलंय. कंबरेएवढ्या दांड्यावर शेंदरी लाल फुलांचा तुरा. पक्ष्याने चोच आत घातली की फुलाची वर वाकलेली नळी बरोबर त्याच्या कपाळावर टेकते आणि परागकण लावते. हळदीकुंकवाला आलेल्या सवाशिणीला बोट लावावं, अगदी तसं.

कुंपणापलीकडे ओलाव्यात नारिंगी ज्युएलवीड आपोआप उगवतं. तो चक्क आपल्या तेरड्याचा भाऊबंद! पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की तश्शीच तडकते. माझी लेक वाईला आजीच्या अंगणात तेरडे तडकवून आली होती. इथे शेंगा पाहून तिने आनंदाने किंकाळी फोडली.

इथल्या मराठी मैत्रिणी साखरपाण्याच्या बाटलीबद्दल विचारतात. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. गूळ नको, मध नको, लाल रंग तर मुळीच नको. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी बाटली धुऊन नवं पाणी. हे जमणार नसेल तर बाटली टांगू नका, फुलं लावा.

सप्टेंबरअखेर पक्षी गेले. गणपतीसाठी वाढवलेली जास्वंदाची कुंडी पहिल्या थंडीआधी घरात आली. कोलंबाइनचं बी मात्र आता, नोव्हेंबरमध्येच टाकायचं, कारण थंडी खाल्ल्याशिवाय ते नीट रुजत नाही. मोहरीएवढं, काळं, चकचकीत बी. माती घालून झाकायचं नाही, नुसतं तळहाताने दाबायचं. लेकीने परवा सगळा वाफा असा थोपटून काढला. वाटीभर बी उरलंय. समोरच्या घरात नाशिकचं एक जोडपं नुकतंच राहायला आलंय, त्यांच्या अंगणात अजून गवतच आहे. त्यांच्यासाठी मी पुडी बांधून ठेवली आहे.